चार्जरवरून ओरडणारा बाप आणि वॅटमीटर घेऊन फिरणारी लेक

जुनंखोड

आमच्या घरात माझ्या नावावर एक वाक्य जमा आहे: "चार्जर कुणाचा राहिलाय?" रोज रात्री झोपण्याआधी घरभर एक फेरी मारायची, भिंतीला लटकणारे मोकळे चार्जर उपटायचे, बटणं बंद करायची आणि हे वाक्य म्हणायचं. बायको म्हणते, मी झोपेतसुद्धा म्हणतो.

मागच्या महिन्यात लेकीने (वय १६) शाळेच्या प्रकल्पासाठी वॅटमीटर आणला. प्लग आणि सॉकेटच्या मध्ये लावायची छोटीशी डबी असते, तिच्यावर आकडा दिसतो. आठवडाभर तिने घरातली एक वस्तू सोडली नाही. फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला आणि पेन्सिलीने दोन रकाने आखले, 'चालू असताना' आणि 'बंद असताना'. दुसरा रकाना बघून मला हसू आलं. बंद वस्तूचा कसला आलाय आकडा?

सगळ्यात आधी माझा लाडका चार्जर. फोन न लावता नुसता सॉकेटमध्ये. मीटर म्हणाला ०.०. मी म्हटलं, मीटर बिघडलाय. ती म्हणाली, बरं, मीटरला दिसत नाही इतकं बारीक असेल, आपण ०.१ वॅट धरू. वर्षाचे तास ८७६०. झाले ०.८७६ युनिट. म्हणजे अख्ख्या वर्षात एक युनिटसुद्धा नाही. मग खाली लिहिलं: गीझर २००० वॅट, एवढी वीज जाळायला त्याला २६ मिनिटं लागतात. गीझर कोण विसरतं ते तिने लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती.

पण खरा मार पुढेच होता. टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स. टीव्ही बंद, रिमोटने बॉक्सही 'बंद'. मीटरवर ११ वॅट. चोवीस तास, बारा महिने. वर्षाचे ९६ युनिट! तुमच्याकडच्या डब्याला आत्ता जाऊन हात लावून बघा, कोमट लागेल. आणि मी इतकी वर्षं त्याच्या बरोब्बर शेजारचा चार्जर उपटत होतो.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा राग आला. काटकसर आम्हाला शिकवणार का ही? पाठकोरे कागद शिवून वह्या केल्या आम्ही. दोन दिवस मी त्या कागदाकडे बघायचं टाळलं. पण फ्रिज किती टाळणार?

तर प्रश्न असा. तुमच्या पोरांनी (किंवा नातवंडांनी) तुमची कोणती सवय बदलायला लावली? खरोखर बदलली असेल तीच सांगा. "नवीन पिढी किती जागरूक" वगैरे भाषणं नकोत. आणि पोरं चुकली असतील तर तेही बिनधास्त लिहा, मला जरा बरं वाटेल.

निवांत_बसलेला

डब्याला हात लावून आलो. कोमट नाही, चांगला गरम आहे. आमचं मांजर त्यावर का झोपतं याचा उलगडा आज झाला.

खारूताई

धागा आवडला. माझं जरा लांबलचक आहे, दमाने वाचा.

धाकट्याने (वय १३) बाल्कनीत ओल्या कचऱ्याचं खत करायचं ठरवलं. माझा विरोध. वास येणार, माश्या होणार, आणि चार दिवसांनी ते माझ्याच गळ्यात पडणार. तिन्ही गोष्टी झाल्या, पण चौथी झाली ती अशी.

वास आला तेव्हा मी म्हटलं, झालं तुझं? बादली रिकामी कर. त्याने उलट विचारलं, "आई, तू यात कोरडं किती घातलंस?" मी कशाला घालू कोरडं? कचरा ओला, म्हणजे ओलाच टाकायचा ना! मग त्याने मला बसवून समजावलं. कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नायट्रोजनमागे पंचवीस-तीस भाग कार्बन लागतो. सालं, देठं, उरलंसुरलं यांत नायट्रोजन भरपूर आणि पाणीही भरपूर. वाळकी पानं, भुसा, फाडलेला पुठ्ठा यांत कार्बन. नुसतं ओलं कोंबलं की हवा खेळत नाही, मग हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि घाण वास सुटतो. म्हणजे कचऱ्याला मुळात वास नसतो, आपण त्याचा श्वास कोंडतो म्हणून येतो. त्या दिवशी आम्ही दोघांनी एक अख्खा खोका फाडून तळहाताएवढे तुकडे केले. एक थर ओला, त्यावर दुप्पट कोरडा. तिसऱ्या दिवशी मी स्वतः बादलीत नाक घातलं. पावसानंतरच्या मातीचा वास.

मग आल्या अळ्या. बोटाच्या पेराएवढ्या, चपट्या, राखाडी, वळवळणाऱ्या. शेकड्यांनी. मी किंचाळले, आणि ती बादली उकळत्या पाण्याने धुवायला निघाले. हा माझ्या आणि बादलीच्या मध्ये उभा! म्हणे, या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या आहेत, घरमाशीच्या नव्हेत. ही माशी चावत नाही, जेवणावर बसत नाही, मोठी झाल्यावर जवळजवळ काही खातच नाही. जे काय खायचं ते अळी असतानाच. मी म्हटलं, तुझी सैनिक माशी गेली खड्ड्यात. पण बादली ठेवली. दोन दिवसांनी पाहिलं तर पाच किलोचा ढीग निम्म्यावर आला होता. आता मी झाकण उघडून त्यांची विचारपूस करते. नवरा म्हणतो, माझ्याशी एवढं बोलत नाहीस.

रच्याकने (बाय द वे), माझं भाकीत खरं ठरलंच. परीक्षा आल्यापासून बादली माझ्या गळ्यात आहे.

वाकडीवाट

खारूताई, "श्वास कोंडतो" हे फार आवडलं. कचरा डेपोतही तेच होतं, फक्त डोंगराएवढं. तळाशी हवा नसते, तिथून मिथेन निघतो. वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण ऐंशी पट उष्णता धरतो. डेपोंना आगी लागतात त्यालाही हा वायू हातभार लावतो.

तिरकस

सगळ्यांचं कौतुक आहे, पण एक खडा टाकतो. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

हे घराघरातलं मोजमाप कुणाच्या सोयीचं? 'कार्बन फूटप्रिंट' (आपल्या वागण्याने हवेत किती कार्बन जातो त्याचा हिशोब) हा शब्द घरोघर पोचवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा वाटा आहे. २००४ च्या सुमारास त्यांनी आपापला फूटप्रिंट मोजायचं कॅल्क्युलेटरच लोकांच्या हातात दिलं. तेल काढणार ते, आणि अपराधी वाटणार आपल्याला. जुनंखोड यांची लेक हुशार आहे, पण तिने मीटर चुकीच्या दारात लावलाय.

आणि एक तांत्रिक मुद्दा. गीझरला थर्मोस्टॅट असतो. पाणी तापलं की तो आपोआप थांबतो. विसरलेला गीझर सलग २००० वॅट खात नाही. तेव्हा २६ मिनिटांचा टोमणा बापाला उगीच बसला.

जुनंखोड

तिरकसराव, तुमच्यावर पुष्पवृष्टी! थर्मोस्टॅटचा मुद्दा मी तत्काळ लेकीला दाखवला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूने बोललंय.

तिने दुसऱ्या दिवशी गीझर मुद्दाम चालू ठेवला, कुणी एक थेंब पाणी वापरायचं नाही अशी ताकीद दिली आणि चोवीस तास मोजलं. टाकी गार होत राहते आणि तो मधून मधून लागत राहतो. पाऊण युनिट. म्हणजे आता हिशोब असा: मी एक दिवस गीझर विसरलो की वर्षभर चार्जर उपटण्याचं पुण्य जवळजवळ संपलं. कागदावर २६ मिनिटं खोडून ते लिहिलंय. खोडताना "तुमच्या मित्राचं बरोबर होतं" एवढं मात्र म्हणाली.

पेन्शनर_पण_जागा

जुनंखोड, तुमच्या चार्जर उपटण्याला मी वेडेपणा म्हणणार नाही. का ते सांगतो. माझी अख्खी नोकरी विजेच्या उपकरणांत गेली.

तुम्हाला जुने चार्जर आठवतात का? ठोकळ्यासारखे, जड. आत तांब्याचं वेटोळं आणि लोखंडी गाभा असलेला ट्रान्सफॉर्मर. फोन लावलेला नसला तरी हाताला गरम लागायचे. तो ठोकळा रिकामा असतानाही एक-दोन वॅट, कधी त्याहून जास्त खायचा. ज्या काळात तुम्ही ही सवय लावून घेतलीत, त्या काळात ती शंभर टक्के बरोबर होती.

मग काय झालं? लोकांनी चार्जर उपटले म्हणून नाही झालं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतले ॲलन मायर यांच्यासारख्या लोकांनी घरोघरची ही झिरपणारी वीज मोजून दाखवली. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 'बंद उपकरणाने एक वॅटपेक्षा जास्त खाता कामा नये' असं लक्ष्य पुढे ठेवलं. युरोपीय संघाने २०१० पासून बऱ्याच घरगुती उपकरणांना एक-दोन वॅटची मर्यादा घातली आणि २०१३ पासून ती निम्म्यावर आणली. चार्जरसाठी वेगळे, आणखी कडक नियम आले. कारखान्यांनी ठोकळा टाकून हलकं सर्किट आणलं. तुमच्या लेकीच्या मीटरवर ०.० दिसलं ते या नियमांमुळे.

म्हणजे तुमची सवय चुकली नव्हती. तिच्या खालची वस्तू बदलली, आणि तुम्हाला कुणी कळवलं नाही. आमच्या वयाच्या माणसांचं बऱ्याच बाबतींत असंच होतं. पोरांकडे ती जुनी सवय नसते म्हणून ती आजचा आकडा बघतात, एवढंच.

जुनंखोड

पेन्शनरकाका, हा प्रतिसाद मी छापून त्या कागदाच्या शेजारी चिकटवणार आहे.

तिरकस

>>लोकांनी चार्जर उपटले म्हणून नाही झालं<<

काका माझंच म्हणणं मांडतायत. नियमाने झालं.

पेन्शनर_पण_जागा

अर्धं तुमचं, तिरकस. नियम आभाळातून पडत नाहीत. ओझोनचं बघा. मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये सांगितलं की फवाऱ्यांच्या डब्यांतले आणि फ्रिजमधले सीएफसी वायू वरचा ओझोन खातात. कंपन्या खवळल्या. पण लोकांनी नियम यायची वाट न बघता फवाऱ्याचे डबे घ्यायचं कमी केलं, हे अमेरिकेत बंदीच्या आधी घडलं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं भोक सापडलं आणि १९८७ मध्ये हे वायू आवरायचा माँट्रियलचा करार झाला. आज जगातल्या सगळ्या देशांनी त्यावर सही केलेली आहे. हे सगळं आमच्या पिढीच्या हयातीत झालं बरं का. "तुम्ही लोकांनी काही केलं नाही" असं नातू म्हणाला की मी त्याला हे ऐकवतो. तो म्हणतो, "मग थांबलात का?" त्याला उत्तर देता येत नाही. मी चष्मा पुसत बसतो.

दोन_नंबरी_कार्टी

मी १९ वर्षांची, म्हणजे इथल्या काका-काकूंची 'पोरं'. आमची बाजू मांडू का?

घरात मला 'पर्यावरणमंत्री' म्हणतात. कौतुकाने नाही. मी दोन वर्षं भाषणं दिली आणि घरातली एक पिशवीसुद्धा हलली नाही. उलट बाबा मुद्दाम नळ सोडून दाढी करायला लागले. मग कॉलेजात एक अभ्यास वाचनात आला. २०१९ साली 'नेचर क्लायमेट चेंज' मध्ये डॅनिएल लॉसन आणि सहकाऱ्यांनी छापलेला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १० ते १४ वर्षांच्या मुलांना शाळेत हवामानबदल शिकवला, आणि घरी आईबाबांची काळजी वाढते का ते पाहिलं. वाढली. सगळ्यात जास्त वाढली ती बाबा लोकांची आणि पुराणमतवादी पालकांची, म्हणजे ज्यांना सुरुवातीला सगळ्यात कमी काळजी होती त्यांची. आणि मुलांपेक्षा मुलींचा परिणाम जास्त झाला (जुनंखोडकाका, तुम्ही सापळ्यात आधीच होतात).

मला त्यातली एक गोष्ट लागली. मुलांना दिलेला गृहपाठ होता पालकांची मुलाखत घ्यायची. भाषण द्यायचं नाही, विचारायचं.

म्हणून मी एका रविवारी आईला विचारलं, तू लहान असताना घरात कचऱ्याचा डबा केवढा होता? ती आठवत बसली. मग म्हणाली, डबा होता की नाही तेच आठवत नाही गं. आणि स्वतःच उठून आमच्या आत्ताच्या डब्यात डोकावली. मी अक्षरशः काही बोलले नाही. त्या आठवड्यापासून पाकीटबंद गोष्टी तिनेच निम्म्या केल्या.

आता माझी चूक, कारण काकांनी मागितलीय. महिन्याला माझी आठ-दहा पार्सलं येतात. प्रत्येकात खोका, खोक्यात फुगे, फुग्यात पिशवी, पिशवीत मी मागवलेली एवढीशी वस्तू. बाबांनी एकदा सगळे खोके एकावर एक रचून माझ्या खोलीच्या दारात मनोरा उभा केला. त्यांनीही एक शब्द काढला नाही. शिकलेत.

खारूताई

कार्टे, ते खोके माझ्याकडे पाठव! आमच्या अळ्यांना पुठ्ठा कमी पडतोय. (चिकटपट्टी काढून. ती कुजत नाही, खतात सापासारखी निघते.)

पाणकावळा

माझा किस्सा प्लास्टिकचा. मुलगा ११ वर्षांचा. बाटल्या-डब्यांच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो ना, १ ते ७. मी समजत होतो तो त्रिकोण म्हणजे "पुन्हा वापरता येतं" असा शिक्का. मुलगा म्हणाला, नाही बाबा, ते फक्त कुठलं प्लास्टिक आहे ते सांगतं. १ म्हणजे पीईटी, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन. ७ म्हणजे 'इतर', तिथे काहीही असू शकतं. १९८८ मध्ये प्लास्टिक उद्योगाच्याच संघटनेने हे आकडे आणले. खुणेचा बाण गोल फिरतो म्हणून वस्तू गोल फिरेलच असं नाही.

मग त्याने प्रयोग केला. पाण्याची बादली. पाण्याच्या एका बाटलीचं कात्रीने भुगा म्हणावं इतकं बारीक कातरण केलं, टोपणाचंही, आणि सगळं एकत्र कालवून बादलीत टाकलं. टोपणाचे तुकडे वर तरंगले, बाटलीचे तळाला गेले. वर निळे, खाली पारदर्शक, मध्ये स्वच्छ पाणी. पीईटी पाण्यापेक्षा जड, टोपणाचं प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं. पुनर्वापराच्या कारखान्यातही नेमकं असंच वेगळं करतात. मी पन्नाशीचा माणूस, अर्धा तास बादलीपाशी उकिडवा बसून बघत होतो.

अजून दोन चाचण्या त्यानेच शिकवल्या. चकचकीत पाकीट मुठीत चुरगाळून सोडा. उलगडलं तर प्लास्टिकवर धातूचा मुलामा, ते वेगळं करणं महाकठीण. चुरगाळलेलं तसंच राहिलं तर खरी ॲल्युमिनियमची फॉइल. दुसरी चाचणी दुकानातल्या गुळगुळीत पावतीची. नखाने खरवडा, काळी रेघ उमटली की तो रसायन लावलेला कागद, रद्दीत टाकू नका. मी वर्षानुवर्षं पावत्या जपून रद्दीत टाकत होतो. वाईट म्हणजे, "असेल बुवा होत याचं काहीतरी" म्हणून आपण जे पुनर्वापराच्या डब्यात ढकलतो ना, त्याने बाकीचा चांगला मालही खराब होतो. न कळणारी वस्तू सरळ सुक्या कचऱ्यात गेलेली बरी.

कापडचोपड

पोरं कुठे चुकतात असं विचारलंय म्हणून. आमच्या चिरंजीवांना कापडी पिशव्यांचा सोस. प्रत्येक कार्यक्रमातून एक आणायची, 'पृथ्वी वाचवा' छापलेली. दाराच्या खुंटीवर सतरा पिशव्या मी स्वतः मोजल्या. सतरा!

मग त्याला डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा अहवाल दाखवला. पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायची तर साधी सुती पिशवी फक्त हवामानाच्या हिशोबाने ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, जमीन, ओझोन वगैरे सगळे निकष धरले तर ७१०० वेळा. कापूस पिकवायला लागतं ते सगळं त्यात आलं. चिरंजीव गार. पण हार मानतील ते कसले? म्हणाले, या अहवालात रस्त्यावर उडणारं आणि गायीच्या किंवा कासवाच्या पोटात जाणारं प्लास्टिक मोजलेलंच नाही. बघितलं तर खरंच मोजलेलं नव्हतं. सामना बरोबरीत.

तह असा झाला की नवी पिशवी आणायची नाही. त्याने एक पिशवी निवडली आणि तिच्या आतल्या बाजूला मार्करने रेघा मारायला घेतल्या, पाच-पाचच्या जुड्या. बाजारात गेलं की एक रेघ. आज १३८ आहेत. बंद तुटला तेव्हा मी नवी काढायला गेले तर ओरडला, "आई, रेघा!" शिवून दिला.

निवांत_बसलेला

७१०० रेघा मारायला आत जागा आहे का पण?

कापडचोपड

बाहेरून मारू.

स्क्रू_ढिला

आमच्याकडे पंखा. बटण दाबलं की गुणगुणायचा पण फिरायचा नाही. काठीने एक धक्का दिला की मग फिरायचा. तीन महिने आम्ही काठी कपाटाशेजारी ठेवली होती. मी नवीन पंख्याच्या जाहिराती बघत होतो. मुलीने व्हिडिओ बघून निदान केलं: कपॅसिटर गेलाय. मेन स्विच बंद केला, मी स्टूल धरलं, तिने बदलला. पेन्सिलीच्या खोडरबराएवढी वस्तू. पंखा त्याच संध्याकाळी फिरला. माझ्या वडिलांनी सगळं घरी दुरुस्त केलं, मी सगळं बदलत आलो, आणि ही परत आजोबांवर गेली. मधल्यामध्ये मीच निकामी निघालो.

जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला एक चतुर्थांशही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला नाही, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून युरोपीय संघाने २०२४ मध्ये कायदाही केलाय. पण माझ्यासारख्याला आधी काठी फेकायला शिकवायला हवं.

महत्त्वाचं: फोनची फुगलेली बॅटरी मात्र घरी उघडू नका, टोचू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. दाबली गेली की पेट घेते. कचऱ्याच्या गाड्यांना आगी लागतात त्या अशाने.

तिरकस

मला नमतं घ्यावं लागेल असं दिसतंय. पूर्ण नाही, थोडं.

माझा मुलगा मला काय शिकवतो हे मी लिहिलं नव्हतं कारण ते जरा झोंबतं. आमच्या फ्रिजमध्ये त्याने एक डबा ठेवलाय, त्यावर चिठ्ठी: 'आधी हे संपवा'. उरलेलं, सुकत चाललेलं, तारीख जवळ आलेलं सगळं त्यात. आधी मी खोडसाळपणे त्यात काहीच ठेवत नसे. मग कळलं की टाकलेल्या अन्नात सगळ्यात मोठा वाटा घरांचाच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा आकडा आहे: २०२२ मध्ये जगात १.०५ अब्ज टन अन्न वाया गेलं, त्यातलं सुमारे ६० टक्के घरांतून. इथे माझं कंपनी-कंपनी लागू होईना. हॉटेलं नाहीत, कारखाने नाहीत, मीच!

तरी फूटप्रिंटबद्दलचं माझं मत कायम. आणि पोरांनी जगाचं ओझं घ्यावं हे मला बघवत नाही. कॅनडाची सेव्हर्न सुझुकी १९९२ मध्ये रिओच्या पर्यावरण परिषदेत मोठ्यांना चार शब्द सुनावून गेली तेव्हा १२ वर्षांची होती. ग्रेटा थनबर्ग २०१८ मध्ये हवामानासाठी स्वीडनच्या संसदेबाहेर बसली तेव्हा १५ ची. त्याआधी तिने घरचे वळवले होते. आई ऑपेरा गायिका, देशोदेशी कार्यक्रम, तिने विमानप्रवास सोडला. लोक म्हणतात वा वा. मला त्या वयाच्या पोरीची झोप दिसते.

दोन_नंबरी_कार्टी

तिरकसकाका, झोप उडते ती घरी कुणी ऐकत नाही तेव्हा. आईने डब्यात डोकावलं त्या रात्री मी मस्त झोपले.

पाणकावळा

अवांतर: जुनंखोड, लेकीकडे वॅटमीटर आहे तर तुम्ही पाणी मोजा. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे पाच-सहा थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. खालच्या भांड्यात रंग उतरला तर आतला रबरी वॉशर गळतोय. अशी गळती मुकी असते, आवाज नाही, डोळ्यांना दिसत नाही.

जुनंखोड

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. अपडेट देतो.

सेट-टॉप बॉक्सला आता वेगळं बटण आहे. रात्रीच्या फेरीत तेच पाडतो. चार्जरला हात लावत नाही. खोटं कशाला बोलू, एकदा लावला. सवयीने हात गेला.

पाणकावळ्यांचा प्रयोग आज दुपारी केला. लेक घरी नव्हती, म्हणजे हा सर्वस्वी माझा. निळा रंग. दहा मिनिटांनी डोकावलो तर भांड्यात मागच्या बाजूने बारीक निळी रेघ उतरत होती, केसाएवढी. कधीपासून गळत होतं देव जाणे. आवाज खरंच नाही.

लेक आल्यावर मोठ्या तोऱ्यात दाखवलं. ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "भारी! पण किती?" मी म्हटलं, किती म्हणजे? गळतंय ना? "हो, पण तासाला किती?"

आता टाकीत येणारं पाणी वरून बंद केलंय आणि आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलीने रेघ मारलीय. घरात फर्मान काढलंय की सकाळपर्यंत दुसरं टॉयलेट वापरायचं. बायको माझ्याकडे बघतेय, लेकीकडे बघते तशीच. फ्रिजवरच्या कागदाला तिसरा रकाना आखलाय, माझ्या अक्षरात. सकाळी पातळी किती उतरली ते मोजून इथे लिहितो.